जयपूरची गायकी कोरडी नव्हे

मा. संपादक,
स. न.

शास्त्रीय संगीतात काळजाला हात घालणारं काय, असा विषय निघाला की आपल्याकडची नावं ठरलेली. एखादी ठुमरी, फार तर मारवा. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ऐकून डोळे भरून येतात, याबद्दल वादच नाही. त्यांचं मिरज आपल्याला परकं थोडंच आहे! पण जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव काढलं की 'बुद्धिप्रधान', 'अवघड', 'नुसतं गणित' असं बोलून लोक मोकळे होतात. ही गायकी ज्या कोल्हापुरात वाढली, तिथल्याच रसिकांच्या तोंडी हे ऐकून फार वाईट वाटतं.

या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले, त्याच्या आधीच अतिगायनाने त्यांचा आवाज बसला होता. परतला तो पहिल्यासारखा राहिला नाही. त्या उरलेल्या आवाजातून त्यांनी ही नवी पेचदार, 'आ'कारात खुलणारी गायकी उभी केली. एवढं सोसून घडलेलं गाणं कोरडं कसं असेल? त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती काय गणित म्हणून?

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. रात्री जेवण झालं की रेडिओ लावून सुपारी कातरत बसायचे. संथ, विलंबित तीनतालात गाणारा वळणावळणाने समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला की त्यांचा अडकित्ता हातातच थांबायचा. सम आली की पुन्हा सुरू. 'वाहवा' कधी तोंडातून निघाली नाही. ते गेले त्या वर्षी मी मल्लिकार्जुन मन्सूरांचा संपूर्ण मालकंस पुन्हा पुन्हा ऐकला. एरवीच्या मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) नसतात, कानाला तीच सवय. इथे ते येतात, आणि ओळखीच्या घरात एखादं दार नव्यानेच उघडावं तसं होतं. मला रडू यायचं ते नेमकं त्या पंचमावर. मन्सूरांना या घराण्याची तालीम मंजीखाँ आणि नंतर भूर्जीखाँ यांच्याकडून मिळाली. दोघेही अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव. म्हणजे हा राग माझ्यापर्यंत आला तो कोल्हापूरच्याच दारातून, असं मी मानते.

आता तक्रार. इथल्या मैफिलींत बडा ख्याल, म्हणजे रागाचा संथ, विस्ताराने गायचा भाग, जरा रंगू लागला की पुढच्या रांगेतून चिठ्ठी जाते : आटपा, अभंग घ्या, नाट्यगीत घ्या. अभंग मलाही प्रिय आहेत. पण या गायकीत भाव एका सुरावर डोळे मिटून बसत नाही. तालाच्या आवर्तनामागून आवर्तन, लयीला धरून, तो साठत जातो. वीस मिनिटांत आवरतं घेतलं तर ऐकणाऱ्याच्या हाती खरोखरच नुसतं गणित उरतं, आणि मग दोष घराण्याला!

संयोजकांना कळकळीची विनंती आहे. पहिल्या रागाला निदान तासभर द्या आणि तोवर एकही चिठ्ठी मंचावर जाऊ देऊ नका. आपल्या दैनिकानेही मैफिलीच्या बातमीत सत्कार-हारतुऱ्यांच्या जोडीला कोणता राग, कोणती चीज (बंदिश) गायली गेली, एवढं जरूर छापावं.

— एक श्रोती, मंगळवार पेठ, कोल्हापूर