डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मॅडमना, सोलापूरहून

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आभार समोरच मानायचे होते, पण त्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची घाई होती. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्या लेकीला सिस्टिनोसिस आहे, शरीराच्या पेशींत सिस्टिन नावाचं द्रव्य साठत जाण्याचा आजार. साधारण एक ते दोन लाख जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आजार आमच्या सोलापुरात कुणी ऐकलेला असणार?

लेकीचा आजार कळला तो मूत्रपिंडामुळे. तेव्हापासून घरात बोलणं क्रिएटिनिनचं, पोटॅशियमचं, त्या उग्र वासाच्या कॅप्सूलचं. डोळ्यांकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. ती उन्हात डोळे उघडत नाही म्हटलं की लोक म्हणायचे, सोलापूरचं ऊन आहे, कोण उघडतंय? ‘नाटकं करते’ हेही तिनं ऐकून घेतलं. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला नेलं, तर पांढऱ्या बाराबंद्यांवर पडलेलं ऊन तिला सोसेना. वडिलांच्या खांद्यावर बसूनही तिनं सगळा वेळ त्यांच्या केसांत तोंड खुपसून काढला.

तुम्ही मात्र आधी तिच्याकडे वळलात. ‘उजेडात नेमकं काय होतं गं?’ ती म्हणाली, ‘टोचतं.’ तुम्ही तोच शब्द कागदावर लिहून घेतलात. तिचं खरं मानणारं तेव्हा आमच्याबाहेरचं कुणीतरी भेटलं, मॅडम. नंतर स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून, मलाही बघू दिलंत. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, काचेचा चुरा सांडल्यासारखे कण चमकत होते. हे डोळ्यात घेऊन पोर रोज शाळेत जात होती.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. पेशीतल्या लायसोसोममधून, म्हणजे टाकाऊ गोष्टी मोडणाऱ्या पिशवीतून, सिस्टिन बाहेर काढणारं एक प्रथिन असतं. सीटीएनएस या जनुकात बिघाड असला की ते काम होत नाही, सिस्टिन आतच साठतं आणि त्याचे स्फटिक होतात. हे जनुक १९९८ साली सापडलं. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून एकेक आलं तरच आजार होतो, हे तुम्ही माझ्या सासूबाईंसमोर दोनदा सांगितलंत. त्याबद्दलचे आभार वेगळे. त्यानंतर घरात माझ्या माहेरचा विषय निघालेला नाही.

कॅप्सूल चालू असूनही डोळ्यांत खडे का, हे कोडं मला कधीचं होतं. उत्तर ऐकलं आणि सगळं लख्ख झालं: कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात घेतलेलं सिस्टिअमाइन, म्हणजे त्या कॅप्सूलमधलं औषध, तिथवर पोचतच नाही. ते थेंबांनीच द्यावं लागतं, आणि जागेपणी जवळजवळ तासातासाला. थेंब थंड ठेवायचे, नाहीतर औषधाचा जोर जातो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे सोपं नाही, पण बर्फाचा डबा आणि मोबाइलचा गजर यांवर आमचं भागतं. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण थेंब घालते. तुम्ही मुख्याध्यापक बाईंना मराठीत चिठ्ठी दिलीत, म्हणून वर्गात टोपी आणि काळा चष्मा चालतो, आणि जागा खिडकीपासून लांब मिळाली.

तुमच्या संशोधनाच्या अभ्यासात तिचं नाव घालण्याआधी तुम्ही स्पष्ट बोललात: ‘यानं तिचा आजार बरा होणार नाही. तिला लगेच फायदा होईल असंही मी सांगत नाही. नको म्हणालात तरी तपासणी आणि उपचार असेच चालू राहतील.’ इतकं सरळ ऐकल्यावरच आम्ही सही केली. खडे कडेकडून मध्याकडे आणि वरच्या थरातून खोल सरकत जातात, ओसीटीवर, म्हणजे प्रकाशानं डोळ्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, ती खोली मोजता येते, आणि पुढे मागच्या पडद्यालाही, रेटिनालाही, धोका असतो. रुग्ण इतके थोडे, की एकेका मुलाची मोजमापं वर्षानुवर्षं जपून ठेवल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही. आमच्या लेकीचे आकडे त्यात आहेत याचं मला समाधान आहे.

बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर तिला उजेड आणखीच टोचायला लागला. तेव्हा तुम्ही स्वतःची खोली पडदे ओढून आम्हाला दिलीत, गाडीच्या वेळेपर्यंत. तुम्ही बाहेर बाकावर बसून कागद भरत होतात. ते मी पाहिलंय.

ज्यांच्या मुलांना हा आजार आहे, त्यांनी दृष्टी चांगली आहे म्हणून थांबू नये. अक्षरं वाचता येत असतानाही खडे असतातच. ते स्लिट लॅम्पखालीच दिसतात.

तिच्या डोळ्याचे फोटो नाव न देता विद्यार्थ्यांना दाखवू का, असं तुम्ही विचारलं होतंत. आमची हरकत नाही. लेकीलाही विचारलं. ती हो म्हणाली, पण नवा फोटो काढलात की आधी तिला दाखवायचा. पुढच्या मोजणीला दिवाळीच्या सुट्टीत येतो.

आपली,
तुमच्या सोलापूरच्या रुग्णाची आई