अर्ध्या कपाळाचा घाम

देवबाग, २३ मे

प्रिय बंड्या,

होळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. प्रकृती ठीक, बीपीची गोळी चालू, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तुझं व्याख्यान सुरू झालं असतं, म्हणून कागद.

आपला तांडेल आठवतो ना? त्याच्याच होडीत तू ओकलास आणि खापर कोळंबीवर फोडलंस. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी नऊला त्याला रिक्षातून आणलं. उठून चहा घेईपर्यंत बरा होता, सातला गरगरायला लागलं, मग उलट्या. मी हात वर करायला लावले, पायांची ताकद बघितली, दात दाखव म्हटलं. दोन्हीकडे सारखं, तोंड वाकडं नाही. आवाज घोगरा होता, तो उलट्यांनी बसला असेल असं धरलं. उलटीचं स्टेमेटिल टोचलं, पित्त म्हटलं, घरी पाठवलं. बाहेर पंधरा माणसं बसली होती. सबब म्हणून नाही सांगत. सबबच आहे म्हणा.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन, "सकाळपासून उचकी थांबणा नाय." स्कूटर काढली. ओटीवर खांबाला टेकून बसला होता, तरी डावीकडे कलंडत होता. लाईट गेलेली, आम्ही सगळे घामाने निथळत होतो. आणि बंड्या, त्याच्या कपाळाच्या उजव्या अर्ध्यावर घामाचे थेंब, डावा अर्धा कोरडा ठणठणीत. मधोमध सुतारानं सूत मारावं तशी रेघ. डावी पापणी जराशी उतरलेली. बायकोनं चहाचा ग्लास दिला. तो त्यानं डाव्या हातात धरला, मग उजव्या हातात, परत डाव्या हातात. "डॉक्टरांनू, ह्या हाताक गरम लागता, ह्या हाताक काय कळणा नाय." घोट घेतला तो नाकातून आला.

मला तिथे हॉस्टेलचा दरवाजा दिसला. त्यावर तू ऑइलपेंटनं काढलेला मेड्युलाचा, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाचा, छेद. दंड अडीचशे रुपये झाला होता, सगळा मी भरला. तुझ्या वाटणीचे सव्वाशे अजून येणं आहेत. नावं पाठ कर आणि मोकळा हो, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं, नावं गेली खड्ड्यात, कोण कुठे ओलांडतो ते बघ. त्यावरून आठवडाभर आपण बोललो नव्हतो, आणि मेसमध्ये तू मुद्दाम माझ्या समोर बसायचास.

तुझंच उदाहरण: अंगाची वेदना आणि ऊनगार कण्यात शिरल्या शिरल्या पहिल्या तरीनं खाडी ओलांडते. चेहऱ्याची मात्र कोकणकन्येत झोप लागलेल्या माणसासारखी, उतरायचं कुडाळला, जाग येते मडगावला. मेड्युलाच्या वरच्या पॉन्समध्ये शिरते, त्याच काठानं खाली मानेच्या कण्यापर्यंत उतरते, मग पलीकडची गाडी धरून वर. म्हणून मेड्युलाच्या डाव्या कडेला रक्त पोचलं नाही की चेहरा डावा बधिर आणि अंग उजवं. घाम आणि पापणीची वाट त्याच कडेनं जाते, गिळण्याचं आणि आवाजाचं केंद्रही तिथेच. 'आ' कर म्हटलं तर पडजीभ उजवीकडे ओढली जात होती. हातापायांची ताकद मात्र पुढून, पिरॅमिडमधून जाते, तिला धक्काही लागत नाही. आणि मी सकाळी नेमकी ताकदच तपासली!

वालेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली डान्झिगमध्ये नुसता रोगी तपासून ही जागा सांगितली होती. तो रोगी पुढे वारला तेव्हा शवविच्छेदनात ती तिथेच निघाली, ते त्यानं १९०१ मध्ये छापलं. मला तांडेलाला नुसतं उभं करायचं होतं. चार पावलं चालवला असता तर डावीकडे कोसळला असता.

सीटीत काही दिसलं नाही, मेंदूच्या त्या भागातलं ताजं सीटीत बहुधा दिसत नाहीच. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात एमआरआयमध्ये मेंदूचा झटका निघाला. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास, म्हणजे साडेअकरापर्यंत. नऊला हलवला असता तर पोचून, सीटी होऊन, सुई लागली असती का? रोज रात्री पडल्या पडल्या तो रस्ता मोजतो. सावंतवाडीपर्यंत येतो आणि परत देवबागेपासून सुरू करतो.

आता नाकातली जेवणाची नळी निघालीय, घट्ट पेज गिळतो. वाडीभर सांगत फिरतो, "डॉक्टरांनी घाम बघून वळखल्यानी." खरं आहे, तेच तर वाईट आहे. परवा कुणाकरवी सुरमई पाठवली. हिनं तळली. सगळ्या नसा शाबूत असून मला घास उतरेना. सकाळचं त्याला सांगावं की नाही? तू सांग म्हणशील, ठाऊक आहे. पण तू सांगलीत पोरांना छेद शिकवतोस, संध्याकाळी तुझ्या दारात कुणी उचकीवाला येत नाही. रागावू नकोस. रागाव, पण लिही.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

१ जूनपासून मासेमारी बंद, त्याच्या आत होडी वर ओढायची आहे. त्यानं मलाही बोलावलंय. तो दोराला हात लावणार नाही, नुसता ओरडणार आहे, त्या घोगऱ्या आवाजात. होडी वर आल्यावर सांगू की आधी? त्याच्या आत तुझं पत्र यायला हवं.

तुझा,
पक्या