शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कर्करोगाच्या तपासण्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात काही नजरेतून सुटलं असेल असं वाटलं, म्हणून परत वाचला. सुटलं नव्हतं. संगणकात लाखो काल्पनिक माणसांची आयुष्यं चालवून पाहिली, त्यातून इतके मृत्यू टळतील असं निघालं, हे ठळक अक्षरांत आहे. तो आकडा कशाच्या भरवशावर उभा आहे, याची मात्र एक ओळसुद्धा नाही.

अशा सिम्युलेशनला, म्हणजे संगणकातल्या मॉडेलला, माझा विरोध नाही. त्याला पर्यायच नाही. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत झालेल्या चाचणीत ५३,४५४ माणसं होती. सीटी स्कॅन झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ साली छापून आलं. पण तपासणीच्या फेऱ्या तीनच झाल्या होत्या. वयाच्या कितव्या वर्षापर्यंत बोलवत राहायचं, हे तीन फेऱ्यांतून कसं कळणार? प्रत्येक प्रश्नासाठी नवी चाचणी घ्यायची तर दर वेळी दहा-पंधरा वर्षं जातील. तिथे मॉडेल हवंच. पण मॉडेल म्हणजे निकालपत्र नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचे अमेरिकेतले मृत्यू घटले, त्यात तपासणीचा वाटा किती, हा एकच प्रश्न सात मॉडेलना विचारला गेला. २००५ साली उत्तरं छापून आली, ती २८ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत. आपण एकच आकडा छापलात, तोही मथळ्यात.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. कुठल्या वयापासून किती वर्षांनी तपासणी करावी हे ठरवण्यासाठी जी मॉडेल चालवतात, त्यांत बहुतेकदा असं धरलेलं असतं की बोलावलेला प्रत्येक जण प्रत्येक वेळी येतो, आणि ज्याच्या तपासणीत काही संशयास्पद दिसतं त्याची पुढची तपासणी होतेच. वेगवेगळ्या वेळापत्रकांच्या तुलनेसाठी हे ठीक आहे. पण मग आकडा ‘सगळं सुरळीत झालं तर’ या अटीवरचा आहे, हे वाचकाला सांगायला नको?

माझ्या ताईची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, जानेवारीत झाली. काउंटरवरच्या मुलीने पाकीट दिलं, वहीत सही घेतली आणि पुढचा नंबर पुकारला. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘बाय-रॅड्स ०’. बाय-रॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष आकड्यात सांगायची पद्धत. ताई म्हणाली, शून्य आलंय, म्हणजे काही नाही. आम्ही सगळ्यांनीच तसं मानलं. शून्याचा अर्थ ‘तपासणी अपुरी, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी’ असा असतो, हे आम्हाला जुलैत कळलं, जेव्हा आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती आमच्यापैकी कोणीही वाचली नाही. पण तिथून सहा महिन्यांत एक फोन आला नाही. ते पाकीट मी जपून ठेवलंय. संगणकातल्या बाईला त्याच महिन्यात परत बोलावलं गेलं असतं. तिचा मृत्यू टळलेल्यांत मोजला गेला असता.

ताईची केमो आता संपली आहे. सहा महिने आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, हे मला कोणी सांगू शकत नाही. ते मी आता विचारतही नाही.

आणखी एक. त्याच पानावर तपासणी पॅकेजची जाहिरात आहे, ‘लवकर निदान झालेले रुग्ण जास्त वर्षं जगतात’. रोगाचं निदान दोन वर्षं आधी झालं आणि मृत्यू मात्र जेव्हा यायचा त्याच दिवशी आला, तरी निदानानंतरची दोन वर्षं वाढलेलीच दिसतात. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसतं. म्हणून तर मृत्युदर मोजतात. ही जाहिरात त्या लेखाला खेटून छापायला नको होती.

लेखाचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात येणार असं आपण म्हटलं आहे. त्यात चौकट करून एवढं छापा: मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर शून्य दिसलं, तर त्याच दिवशी फोन करून पुढच्या तपासणीची तारीख घ्या.

आपली,
एक नियमित वाचक