वेल चढली रे

प्रिय मंग्या,

शिव्या आधी देऊन घे. पाच महिने झाले, तुझे मिस्ड कॉल, ती लांबलचक व्हॉइस नोट, सगळं बघितलं आणि गप्प बसलो. तब्येत बरी आहे, पाठ मधूनमधून धरते, बाकी काही नाही. कारण वेगळंय, आणि ते तुलाच कळेल म्हणूनच तुला सांगायची लाज वाटत होती.

ब्लँक पेटला, नुसत्या पाण्याचा खड्डा, जिथे व्हायरस नसायलाच हवा. पीसीआर प्लेटचा शेवटचा कोपरा, एच-१२. सायकल ३७, म्हणजे सदतिसाव्या दुपटीला.

हास आता. रात्री साडेनऊला मशीनसमोर एकटा होतो, सगळ्या रेषा खाली आडव्या पडलेल्या, आणि अगदी शेवटी कोपऱ्यातनं एक बारीक रेषा उठली, थांबली, आणि पुन्हा वर निघाली. आपण म्हणायचो ना, वेल मांडवावर चढली. तर पाण्याची वेल मांडवावर चढली. मी काय करावं? प्लेट पुन्हा लावली. कुणाला न सांगता. दुसऱ्यांदा ब्लँक स्वच्छ, आणि सॅम्पल मात्र तीच वर आली, ३५, ३६, ३७. म्हणजे मी तुला जे करायला सांगितलं होतं आणि तू केलं नाहीस, ते मी स्वतःच्या बाबतीत वीस मिनिटांत उरकलं.

आठवतं ना ते भांडण? एक वेल म्हणजे भूत असतं, पुन्हा लाव आणि पुढे चल, असं मी म्हणालो, आणि तू सगळी बॅच ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेत संपवलीस, शहाणा. माझं नाव त्या पेपरवर दुसरं होतं रे. सहा महिने बोललो नाही तुझ्याशी, शिरूच्या साखरपुड्यात तोंड फिरवून उभा होतो. ते अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही हे लिहून ठेव, पण हल्ली रोज आठवतं.

आता तू म्हणशील तेव्हाच्यात आणि आत्ताच्यात काय फरक. फरक हा की तेव्हा आपण ताज्या इन्फेक्शनमधला व्हायरस बघत होतो, ढिगाने मिळायचा. हे हृदयाचे जुने तुकडे आहेत, फुगून ढिलं पडलेल्या हृदयांचे. १९८६ पासून लोक अशा तुकड्यांत एंटरोव्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय चिठ्ठी, शोधतायत, कुणाला सापडतो, कुणाला नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख म्हणतात. मग ते डिलीशनवालं काम आलं, त्याच घराण्यातला कॉक्सॅकी बी हृदयात राहतो तो आरएनएच्या सुरुवातीची काही अक्षरं गमावून, लंगडा होऊन. फार वाढत नाही, कल्चर केलं तर काही मिळत नाही, पण मरतही नाही. आणि त्याचं ते टू-ए प्रोटीएज, प्रथिनं कापणारं एन्झाइम, डिस्ट्रॉफिनला, पेशी घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, कात्री लावतं हे तर १९९९ पासून माहितीये, तेव्हा पेशी ढिली पडायला कारण आहेच. आता सांग, असला लंगडा व्हायरस खरंच असेल तर पीसीआरमध्ये कसा दिसेल? माल कमी म्हणून रेषा उशिरा, ३६-३७ लाच. आणि शेजारच्या खोलीतनं पिपेटवर बसून आलेली घाण कशी दिसेल? ३६-३७ लाच! यातच अडकलोय मी. दोघांचा चेहरा एक.

घाण यायला जागाही आहे. पलीकडच्या हूडमध्ये आपली नॅन्सी, कॉक्सॅकी बी-३ चा लॅबमधला जुना वाण, वाढते, पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी, म्हणजे टेस्ट चालते हे दाखवायला, तुझं जुनं प्रेम. लॅबमधल्या टिल्लूला अजून वाटतं स्पिरिटने पुसलं की झालं. अरे बाबा, या व्हायरसला चरबीचं पांघरूणच नाही, स्पिरिटला हा फारसा भीक घालत नाही, ब्लीच लागतं, शंभरदा सांगून झालं. आणि टिल्लूला बोलतोय खरा, पण त्या दिवशी प्लेट मीच भरली होती.

सीक्वेन्स कर, अक्षरं वाच, म्हणशील. केलं. पण आपला प्राइमर पकडतो ५-प्राइम यूटीआर, आरएनएच्या सुरुवातीचा भाग, तो सगळ्या एंटरोव्हायरसांचा जवळपास सारखाच, त्यावरून हा नॅन्सी की दुसरा कुणी हे छातीठोक सांगता येत नाही. ओळख पटवणारा व्हीपी-१ चा भाग काढायचा तर एवढा आरएनएच नाही. एकच मार्ग उरतो, अगदी टोकाचं टोक वाचायचं. अक्षरं गळालेली निघाली तर ती नॅन्सी नव्हे, पूर्ण निघाली तर मी गेलो. पण त्यासाठी उरलेला तुकडा संपवावा लागेल, सगळ्यात चांगल्या सॅम्पलचा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो माणूस आता नाही. दुसरा तुकडा मिळणार नाही.

मॅडमना यातलं काही माहीत नाही. दुसऱ्या प्लेटचा प्रिंटआउट त्यांच्या टेबलावर आहे आणि त्या इतक्या खूश आहेत की परवा स्वतः चहा घेऊन आल्या (हो, त्याच मॅडम). पहिल्या प्लेटचा माझ्या ड्रॉवरमध्ये, तुझ्या लग्नाच्या पत्रिकेखाली. सोमवारी मीटिंग. २००९ चं एक्सएमआरव्ही आठवतं ना, थकव्याच्या आजाराचा व्हायरस सापडला म्हणून केवढा गाजावाजा, आणि २०११ संपता संपता पेपर मागे. लॅबमधली घाण निघाली. आपण कँटीनमध्ये बसून किती हसलो होतो त्यांना. एवढं कसं कळलं नाही म्हणे. कळलं असेल रे कुणालातरी, एखाद्या रात्री साडेनऊला.

बरं तुझं काय? नवी नोकरी कशी आहे, लशीवाले तरी वेळेवर पगार देतात ना? पोरगी किती मोठी झाली? तिच्या हातापायांवर फोड आले होते, आपल्याच व्हायरसच्या घराण्याची कृपा, तेव्हा ‘तुझे नातेवाईक राहायला आलेत’ असा मेसेज केला होतास, तो अजून ठेवलाय. वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

दोन्ही प्लेटचे फोटो सोबत पाठवतोय. मॅडमना सांग हे तू सांगणारच, ते मला माहितीये, त्यासाठी फोन करू नकोस. तुकडा आधी वापरू की आधी सांगू, एवढंच बोल. रविवारी रात्री अकरानंतर कर, तोवर टिल्लू लॅबमध्ये असतो.

तुझा,
बाळ्या

ता.क. पिपेट सर्व्हिसिंगला पाठवलीय. तिचा दोष नसणार, तरी पाठवली.