रात्री झोपत जा

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल मंदारचा फोन आला. मिक्सिंग चालू असताना तुला घेरी आली आणि तासाभरात तू पुन्हा कन्सोलवर बसलास, हे त्याच्याकडून कळलं. रागवायला लिहीत नाहीये. चित्रपट शुक्रवारी लागणार, दिग्दर्शकाने शेवटच्या आठवड्यात एडिट बदललं की सगळं पार्श्वसंगीत पुन्हा बसवावं लागतं, हे तूच मला समजावलंयस. पण रात्री झोपत जा रे.

संगीतकार गुलाम महंमद १९६८ मध्ये गेले, त्यांचा 'पाकीझा' लागला १९७२ साली. ती गाणी घरोघरी वाजताना ऐकायला ते नव्हते. पंचमदा, म्हणजे आर. डी. बर्मन, जानेवारी १९९४ मध्ये गेले, '१९४२ : अ लव्ह स्टोरी' त्यानंतर काही महिन्यांनी आला. मदन मोहन तर जेमतेम ५१ वर्षांचे. ही गाणी तुला मीच ऐकवली. तेव्हा त्यांच्या तारखा कधी मनात आल्या नाहीत. आता त्याच आठवत बसते.

खय्यामसाहेबांना 'उमराव जान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पन्नाशी उलटल्यावर, आणि पुढे ते नव्वदीपार जगले. तुला एवढी घाई कसली? असो, फार बोलले. एक काम नाकारलं की पुढचं दुसऱ्याकडे जातं, हे मला दिसत नाही असं नाही. मनावर घेऊ नकोस.

शाळेच्या प्रार्थनेखाली तू अण्णांच्या पेटीवर भलताच सूर धरून ठेवायचास, आठवतं? अण्णा चिडायचे. मला मात्र प्रार्थना एकदम उदास होऊन गेल्यासारखी वाटायची आणि ते आवडायचं. मागच्या चित्रपटात ती मुलगी दार ओढून निघून जाते, तिथे तू काहीच वाजवलं नाहीस. मी थिएटरात रडले आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं, हे माझ्या मुलाने केलंय.

नव्या करारावर सही करण्याआधी तो विनूमामाला दाखव. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं की रॉयल्टीत संगीतकाराचा वाटा असतो, आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर निर्मात्याला तो स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. तरी कागदात काय घुसडतील, नेम नाही. आयपीआरएसकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या त्या संस्थेकडे, या गाण्यांची नोंद केलीस का?

आणि रक्त तपासून घे. मंदारला मी विचारणारच आहे, तेव्हा 'केलं' म्हणून सांगू नकोस, करून सांग.

तुझी,
आई