ब्रिटन सव्वा अंश, भारत पाऊण अंश: केंद्रीय भूविज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय भूविज्ञान मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

19 जुलै 2022 ला माझ्या भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. त्या दिवशी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला पारा 40.3 अंशांवर गेला होता. तो ब्रिटनचा आजवरचा उच्चांक. "मामा, घरात साधा पंखा नाही हो," तो म्हणाला, आणि आम्ही चंद्रपूरकर खो खो हसलो. 40 म्हणजे आमच्याकडे एप्रिलातला बरा दिवस.

तेच हसू परवा एका व्याख्यानात पुन्हा ऐकलं. वक्त्यांनी पडद्यावर तापमानवाढीचे दोनच आकडे लावले होते: ब्रिटन 1.25 अंश, भारत 0.7 अंश. "पाप त्यांचं, तापही त्यांनाच," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. मी जन्मभर भूगोल शिकवला. माझे हात काही वर गेले नाहीत.

पंचाईत अशी की आकडे खोटे नाहीत. 0.7 हा आपल्याच मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालातला, 1901 ते 2018 या काळातल्या वाढीचा. 1.25 हा ब्रिटिश हवामान खात्याचा. त्यांनी 2014 ते 2023 या दशकाची तुलना 1961 ते 1990 च्या सरासरीशी केली आहे. एकाची उंची जमिनीपासून मोजली, दुसऱ्याची ओट्यापासून. त्यात भर आपल्या खात्याची. 2024 हे 1901 पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं तेव्हा 'सरासरीपेक्षा 0.65 अंश जास्त' असं जाहीर झालं. ही सरासरी 1991 ते 2020 ची, म्हणजे आधीच तापलेल्या तीस वर्षांची. पेपर वाचणाऱ्याला 0.7 आणि 0.65 एकाच माळेचे मणी वाटतात. शतकभरात जेवढं तापलो तेवढंच त्या एका वर्षी, असा घोळ मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे.

मापं एकसारखी केली तरी ब्रिटन आपल्यापेक्षा जास्त तापलं आहे, हे मान्य. पण का? लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या धुरक्यात हजारो माणसं गेली. 1956 मध्ये शुद्ध हवेचा कायदा आला. पुढच्या दशकांत कोळशाचा, गंधकाचा धूर ओसरत गेला आणि त्याने अडवलेलं ऊन जमिनीपर्यंत पोचू लागलं. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने चालली आहे. वीज केंद्रं, चुली, वाहनं, पेटवलेली शेतं यांतून हवेत जाणारे कण उन्हाला आडवे येतात. पंजाब-हरियाणात पाटाच्या आणि बोअरच्या पाण्याने जमीन ओली राहते, तिथे बरीचशी उष्णता पाणी सुकवण्यातच खर्च होते. हरितगृह वायूंनी चढवलेला ताप या कणांनी आणि जमिनीच्या बदललेल्या वापराने काही प्रमाणात झाकला आहे, असं तो 2020 चा अहवालच सांगतो. म्हणजे ज्या पाऊण अंशावर टाळ्या पडल्या, त्यात धुराचा वाटा आहे. वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी उशाशी घेऊन झोपणाऱ्या आम्हा चंद्रपूरकरांना या छत्रीचं कौतुक कोणी ऐकवू नये. फुप्फुसांसाठी हवा स्वच्छ करावीच लागणार, आणि ती केली की झाकलेला ताप उघडा पडणार.

शिवाय वाढ कशावर झाली तेही पाहायला हवं. ब्रिटनची वार्षिक सरासरी 10 अंशांवर गेली तीच मुळी 2022 मध्ये, पहिल्यांदा. आपली 2024 ची सरासरी 25.75. भरलेल्या रांजणात आणखी पेलाभर पाणी ओतलं तर काय होतं? नवी मुंबईतल्या खारघरला 16 एप्रिल 2023 च्या, भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर 14 जण दगावले, तेव्हा जवळच्या हवामान केंद्रावरचा पारा 38 च्या आसपास होता. आमच्याकडे या आकड्याला कोणी कूलरही लावत नाही. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर निवत नाही. देशाच्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून विनंती. दरवर्षी जानेवारीत खातं वार्षिक निवेदन काढतं, त्यात 1991–2020 सोबत 1901–1930 शी तुलनाही छापावी. रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रता केंद्रनिहाय द्यावी. आणि मुख्य म्हणजे जुन्या नोंदी खुल्या कराव्यात. मध्य इंग्लंडची तापमान मालिका 1659 पासूनची आहे आणि घरबसल्या कोणालाही मिळते. गंमत म्हणजे अठराव्या शतकातली काही वर्षं त्यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या नोंदींवरून भरून काढली आहेत, आणि तसं सांगितलंही आहे. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान खात्याच्या कचेरीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. वारसा आपल्याकडेही थोडाथोडका नाही. देशाच्या नकाशावर चौकटी पाडून काढलेलं तापमान पुण्याचं कार्यालय फुकट देतं, त्याबद्दल आभार. पण एखाद्या केंद्राची रोजची नोंद हवी तर अर्ज करावा लागतो.

केंद्राचा इतिहासही सोबत द्यावा: जागा कधी बदलली, उपकरण कधी बदललं. मे 2024 मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9 अंश नोंदले गेले. ते यंत्र 3 अंश जास्त दाखवत होतं, हे खात्याने तपासून जाहीर केलं. मला ते फार आवडलं. चूक सांगणाऱ्या खात्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

मला स्वतःला चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या रात्रींची, मिळेल तितक्या जुन्या वर्षापासूनची, नोंद हवी आहे. माझ्या जुन्या शाळेत एक लांबलचक भिंत रिकामी आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. तोवर आकडे आले तर आलेख काढायला सातवीची मुलं तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, चंद्रपूर