द्रावकाचं नावही लेबलावर येऊ द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक शासन, बेंगळुरू

महोदय, सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान चालवतो. हळद, काळमेघ यांची सिरपं आणि थेंब आमच्याकडचे लोक मोठ्या विश्वासाने घेतात. 'हर्बल' म्हटलं की निर्धास्त होतात, तान्ह्या पोरालाही पाजतात. पण हा अर्क पाण्यात विरघळवला कशाने, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रायबाग-चिकोडीकडची हळद कितीही सरस असली तरी हा गुणधर्म बदलत नाही. काळमेघातल्या अँड्रोग्राफोलाइडचीही तीच अडचण. म्हणून पाण्याच्या जोडीला सहद्रावक घालतात. इथेनॉल, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल, पॉलिइथिलीन ग्लायकोल ही त्यातली नेहमीची नावं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. सहद्रावक ती पकड सैल करतो, आणि पाण्याशी न जमणारा रेणू त्यात सामावतो. यात गैर काहीच नाही. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार होणारं मद्यार्कही याच कामी येतं.

अडचण पुढे आहे. सहद्रावकाचं प्रमाण वाढवत नेलं की विद्राव्यता, म्हणजे अर्क विरघळण्याची क्षमता, पटीपटीने वाढते, आणि पातळ केलं की तशीच पटीपटीने कोसळते. औषध तेवढ्याच पाण्यात मिसळलं तर त्याची तीव्रता निम्मी होते, पण ते धरून ठेवण्याची द्रावणाची ताकद त्याहून कितीतरी जास्त घटते. मग बाटलीत स्वच्छ दिसणारा अर्क पोटात गेल्यावर पुन्हा साका होऊन बसू शकतो. तो टाळायचा म्हणून सहद्रावक आणखी वाढवला, तर त्याची मात्रा लहान मुलाला झेपेल का, हा प्रश्न येतो. युरोपीय औषध संस्थेने प्रोपिलीन ग्लायकोलसाठी दिवसाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे सांगितली आहे: नवजात बाळाला १ मिलिग्रॅम, पाच वर्षांखालच्या मुलाला ५० मिलिग्रॅम. बाटलीवर प्रमाणच नसेल तर हा हिशेब आईने करायचा कसा, आणि मी तरी तिला काय सांगायचं?

शिवाय द्रावकाच्या शुद्धतेचा प्रश्न आहेच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या औषधातल्या त्याच विषाने गेली. ती औषधं हर्बल नव्हती, हे खरं. पण ग्लिसरीन आणि ग्लायकोल हर्बल सिरपातही जातात, आणि पिंपात भेसळ असेल तर बाटलीवर तुळशीचं चित्र असून काय उपयोग?

म्हणून विनंती अशी. आपल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पातळ हर्बल औषधावर सहद्रावकाचं नाव आणि दर ५ मिलिलिटरमधलं प्रमाण ठळक छापलेलं असावं, आणि आमच्या सीमाभागात ते कन्नडबरोबर मराठीतही असावं. ग्लिसरीन व ग्लायकोलचं प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासलं जावं. छोट्या उत्पादकांना ही तपासणी परवडेल अशा दरात बेळगावातच करून मिळावी. इथे राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. त्यांना सोबत घेतलं तर कामाला लगेच हात घालता येईल.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक औषधविक्रेता